आत ओढलेला हो

औलू, ९ ऑक्टोबर १९९५

एन्सिओकाका,

बाबांकडे तुमचा नंबर मागितला तर ते म्हणाले, "त्याच्याकडे फोन नाही. त्याची बायको इर्या गेली तेव्हाच काढून टाकला. पत्र लिही, उत्तर आलं तर नशीब." म्हणून लिहितोय. मी टार्मो. दुहेरीत तुमच्या शेजारी उभं राहून जो माणूस सगळे सोपे चेंडू जाळ्यात मारायचा, त्याचा मुलगा. लहानपणी हांकोला तुमच्या लाल मातीच्या कोर्टाची पांढरी पट्टी उखडून मी तिची तलवार केली होती आणि तुम्ही झाडू घेऊन मला थेट समुद्रापर्यंत पळवलं होतं, तोच.

वकिलीचं शिक्षण मी सोडलं. बाबांनी तुम्हाला कळवलं असेलच, आणि "डोकं फिरलंय कार्ट्याचं" असंही. फिरलंय खरं. एका प्राध्यापकाच्या तोंडावर पुस्तक आपटून बाहेर पडलो आणि मिळेल त्या गाडीने इथे उत्तरेला आलो. आता टेनिसच्या फुग्यात नोकरी करतो. मोठ्ठा पांढरा फुगा आहे, त्यात तीन कोर्ट. पंखा सतत हवा भरतो म्हणून तो उभा. बर्फ पडला की वरून उतरवायचा, ते माझं काम. मंदीच्या दिवसांत कुठलंही काम मिळालं तरी माणसं टोपी काढून आभार मानतात, म्हणून मीही मानतो.

इथे यायचं खरं कारण तुमची सायमी.

रागावू नका. रागावलात तरी चालेल, हांकोहून तुमचा झाडू इथवर पोचत नाही. ती इथे नर्सिंग शिकते, मावशीच्या घरी वरच्या मजल्यावर राहते. तुमच्याशी ती बोलत नाही हे मला ठाऊक आहे. माझ्याशीही फारसं बोलत नाही. "हो" म्हणायचं तेव्हा श्वास आत ओढून म्हणते. आपल्याकडे सगळ्याच बायका तसं म्हणतात, पण हिचा हो इतका हलका, की कान लावून बसलं नाही तर तो तिच्याच पोटात परत जातो. मी कान लावून बसतो. दुसरं काय करू?

आता कामाचं. फुग्याच्या भिंतीवर तुमचा फोटो लावलाय, वर्तमानपत्रातून कापलेला. इटलीतला तो विजय, दोन्ही हात वर, मोजे लालभडक. इथली पोरं विचारतात, "हा कोण?" मी सांगतो, आणि ती म्हणतात, "मग पुढे काय झालं?" तिथे माझं तोंड बंद होतं. मला तुमच्या खेळाची गोष्ट लिहायची आहे, पहिल्या चेंडूपासून. तुम्ही सांगा, मी लिहितो. सायमीलाही वाचायला देईन.

टार्मो


हांको, २० ऑक्टोबर

टार्मो,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हा पोरगा माझ्या मुलीच्या मागे लागलाय आणि मला शिडी करतोय. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. पण आजकाल माझ्याकडे पत्रं येत नाहीत, तेव्हा शिडी तर शिडी.

लिहिण्यासारखं काही नाही. लिही, की एन्सिओ कल्लासवारा हरण्याचा धंदा करायचा आणि तो धंदा त्याने चोख केला. वडील बंदरात कामाला. कोर्ट समुद्राला लागून, आणि उन्हाळ्यात पाहुणे यायचे त्यांचे चेंडू मी उचलायचो. कुणीतरी एक मोडकी रॅकेट टाकून गेलं. बॅकहँड शिकलो तो सौनाच्या मागच्या भिंतीवर. आत आई अंग धूत असायची आणि ओरडायची, "अरे, वाफ तरी सुखाने घेऊ दे!" आपल्याकडे सप्टेंबरात कोर्टावर पानं पडली की मे महिन्यापर्यंत खेळ संपला. हिवाळ्यात शाळेच्या व्यायामशाळेत, लाकडी फरशीवर खेळायचो. तिथे चेंडू उसळतच नाही, सरपटतो. इटलीचा नाहीतर स्पेनचा पोरगा वर्षभर मातीवर असतो आणि त्याच्यासमोर आम्ही वसंतात उभे राहायचो, व्यायामशाळेतले बेडूक.

तुझा बाप आणि मी त्याच्या गाडीतून जायचो, मागच्या सीटवर आळीपाळीने झोपायचो. राय धान्याची भाकरी आणि खारवलेले मासे घरून न्यायचो. सीमेवरचा शिपाई डबा उघडायचा आणि लगेच बंद करून म्हणायचा, "जा जा." पात्रता फेरीत हरायचं, पुढच्या गावाला जायचं. देशासाठी डेव्हिस चषक खेळलो, तिथेही बहुतेक हरलोच, पण तिथे निदान राष्ट्रगीत वाजायचं.

बस्स. एवढं पोरांना सांग.

आता माझं एक काम. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. चित्र चांगलं नाही. पुढच्या मेमध्ये कोर्टावर माती पसरायला दुसरा माणूस बघा, असं मी क्लबला सांगून टाकलंय. हे सायमीला सांगायचं नाही. ऐकलंस? कीव येऊन आलेली मुलगी मला नको. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी इर्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला ती आली, तर बरं वाटेल. इतकी वर्षं मी एकटाच लावतो. एकदा दोघांनी लावली की माझं काही मागणं नाही. बोलली नाही तरी चालेल. मेणबत्ती लावायला बोलावं लागत नाही.

तुला जमलं तर विचार. आणि ती नीट जेवते का तेवढं कळव.

एन्सिओ

ता. क. फुग्यावर बर्फ साचू देऊ नकोस. ओला बर्फ जड असतो.


औलू, १० नोव्हेंबर

एन्सिओकाका,

हो म्हणाली!

थांबा, नीट सांगतो. काल गुरुवार, म्हणजे घरोघर मटाराचं सूप. मावशींनी मला जेवायला बसवून घेतलं. त्यांना मी आवडतो, कारण मी त्यांच्या दारातला बर्फ फुकट उपसतो. सायमी रुग्णालयातून आली, भराभर जेवली (नीट जेवते, दोन वाट्या सूप आणि वर पॅनकेक), आणि वर जायला निघाली. मी जिन्याखाली उभा राहून एका दमात बोललो, "सायमी, नाताळच्या आदल्या दिवशी हांकोला जाऊया. तुझ्या आईला मेणबत्ती लावू. तुझे बाबा असतील, पण ते बोलणार नाहीत, मी जबाबदारी घेतो."

ती पाठमोरी होती. एक पाय वरच्या पायरीवर. थांबली, आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, श्वास आत ओढला. हो! मग वर गेली आणि दार लावलं.

मावशी म्हणाल्या, "टार्मो, ती खरंच हो म्हणाली?" मी म्हटलं, "तुम्ही सूप ढवळत होतात, तुम्हाला कसं ऐकू येणार?" मी आनंदाने बाहेर जाऊन शेजाऱ्यांच्याही दारातला बर्फ उपसला. ते खिडकीतून वेड्याकडे बघावं तसे बघत होते.

तिकिटं मी काढतो. तुमच्या तब्येतीचं तिला बोललो नाही. पण काका, ते चित्र खरंच इतकं वाईट आहे का? डॉक्टर काहीही सांगतात.

आणि इटलीचं राहिलं. एवढा मोठा मानांकित गडी हरवलात आणि पुढच्या फेरीला उतरलाच नाहीत. पोरं रोज विचारतात. लिहा ना.

टार्मो


हांको, २१ नोव्हेंबर

पोरा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तिची खोली उघडली. पडदे धुतले. शेजारच्या ग्योताबाईंनी कुंपणावरून विचारलं, "एन्सिओ, कोण येतंय?" मी म्हटलं, "मुलगी." त्यांच्या हातातली बादली खाली पडली. मग त्या स्वतःचं पायपुसणं घेऊन आल्या, म्हणाल्या माझं लाज आणणारं आहे. मोठी मेणबत्ती आणली आहे, वाऱ्यात टिकणारी, झाकणाची. हॅम छोटं सांगितलंय. मला आता खाता येत नाही, पण तुम्ही दोघं खाल.

तू विचारलंस म्हणून इटलीचं सांगतो. छापू नकोस.

चौऱ्याऐंशीचा मे. समुद्राकाठचं गाव, माती इतकी मऊ, की जणू कुणीतरी रात्रभर चाळणीतून गाळली असावी. पस्तिशीचा होतो, गुडघे बोलायला लागले होते. तुझा बाप केव्हाच खेळ सोडून विमा विकत होता, त्यामुळे एकटाच होतो. पात्रता फेरीतून वर आलो. आयुष्यात पहिल्यांदा चेंडू मला मोठा दिसत होता. असं होतं कधी कधी, का होतं ते कुणालाच कळत नाही.

त्या मोठ्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलातून घरी फोन लावला. सायमीने उचलला. दहा वर्षांची होती. म्हणाली, "आईला ताप आहे, डोकं दुखतंय, ती उठत नाही." मी म्हटलं, "तिच्या कानाला लाव." लाइन खराब होती, खरखर चाललेली. मी म्हटलं, "इर्या, मी परत येऊ का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, "येऊ का? सांग." काही नाही. नुसती खरखर. मला वाटलं, रागावली आहे. आधीच्या हिवाळ्यात आमचं त्यावरून भांडण झालं होतं. ती म्हणाली होती, "जायचं की राहायचं ते प्रत्येक वेळी मला विचारून माझ्या गळ्यात घालू नकोस. तुझं तू ठरव." मला वाटलं, तेच आहे. गप्प राहून सांगते आहे, की तुझं तू ठरव. मी म्हटलं, "बरं. मग उद्याची मॅच खेळतो. परवा निघतो."

खेळलो. जिंकलो. तुझ्या भिंतीवर आहे तो फोटो. हॉटेलवर परत आलो तर तार होती. मेंदूज्वर. मी दोन्ही हात वर केले, जवळजवळ त्याच वेळी ती गेली.

त्यानंतर रॅकेट हातात घेतली ती फक्त दुसऱ्यांच्या तारा विणायला. सायमीला तिची मावशी घेऊन गेली, आणि त्यांचं बरोबर होतं. बाप मॅच खेळत राहिला हे पोरीला माहीत आहे. इर्या गप्प राहिली, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. सांगून काय, मेलेल्या बाईवर ढकलू?

तुम्ही संध्याकाळच्या गाडीने याल ना? मी स्टेशनवर येईन. फलाटावर बसायला बाक आहे.

एन्सिओ


औलू, २७ डिसेंबर

एन्सिओ कल्लासवारा यांस,

काका म्हणवत नाही म्हणून असं लिहितो.

आम्ही आलो नाही, आणि चांगलंच झालं आलो नाही ते. तिकिटं घेऊन मी तिच्या दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "कसली तिकिटं?" मी म्हटलं, "तू हो म्हणाली होतीस." ती म्हणाली, "मी कधी हो म्हटलं? तू जिन्याखालून भुंकत होतास, मी दमले होते, मी श्वास घेतला! माणसाने श्वासही घ्यायचा नाही?"

मीही काही कमी नाही. मीही ओरडलो. म्हटलं, तुझा बाप तिकडे पडदे धुऊन बसलाय, आणि तुझी आईच फोनवर गप्प राहिली, त्यात त्याचा काय दोष. तुम्ही छापू नकोस म्हणाला होतात. मी छापलं नाही, बोललो. बोलायला नको होतं. पण बोललो म्हणून खरं कळलं.

ती पांढरी पडली. तुमच्या कोर्टावरच्या पट्टीसारखी. म्हणाली, "आई गप्प राहिली असं तो सांगतो?" मग सगळं ओकली. रिसीव्हर तिने धरला होता. दहा वर्षांच्या पोरीने, दोन्ही हातांनी, आईच्या तोंडाजवळ. आणि तिच्या आईने हो म्हटलं. एकदा नाही, तुम्ही दोनदा विचारलंत, ती दोन्ही वेळा हो म्हणाली. सायमीने ऐकलं. तिचं डोकं आईच्या उशीवर होतं. आईने तुम्हाला परत बोलावलं आणि तुम्ही म्हणालात, "बरं, मग उद्याची मॅच खेळतो." ते वाक्य तिला अजून झोपेत ऐकू येतं.

आणि तुम्ही मला लिहिता, उत्तर नाही, नुसती खरखर! माझ्या बाबांना एक हरलेला, भला माणूस म्हणून तुमचं कौतुक. मलाही होतं. फोटो मी भिंतीवरून काढलाय. पोरांनी विचारलं, "तो लाल मोज्यांवाला कुठे गेला?" मी म्हटलं, "तो खोटारडा होता."

मेणबत्ती एकट्याने लावली असेलच. सवय आहे तुम्हाला.

टार्मो


हांको, ६ जानेवारी १९९६

टार्मो,

ती हो म्हणाली होती?

मला ऐकू आलं नाही. हे मी तुला पटवायला लिहीत नाही. तू पटवून घेऊ नकोस. फक्त एवढंच, की मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी रोज तिच्याशी भांडत होतो, की बोलली का नाहीस. एक शब्द बोलली असतीस तर मी चालत आलो असतो.

आणि ती बोलली होती.

स्टेशनवर दोन्ही गाड्या पाहिल्या. मग दफनभूमीत गेलो. सगळीकडे मेणबत्त्या होत्या, माणसं होती, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आपली लावली. झाकण बसेना, बाजूच्या थडग्यापाशी आलेल्या माणसाने बसवून दिलं.

सायमीला काही सांगू नकोस. तिने जे ऐकलं ते खरं आहे. आता मी म्हणालो, की मला ऐकू आलं नाही, तर तो मरणाऱ्या माणसाचा बचाव होईल, आणि ती नर्स आहे, तिने असे पुष्कळ ऐकले असतील. तिचा राग खरा आहे, त्याच्यावर ती उभी राहिली, मोठी झाली. तो काढून घेऊ नकोस.

गोष्ट लिहू नकोस. फोटो काढलास ते बरं केलंस.

हे पत्र ग्योताबाई टाकतील. मला पेटीपर्यंत जाववत नाही.

ए.


औलू, २३ जानेवारी

एन्सिओकाका,

हे वाचेपर्यंत तग धरा. माझ्यावर चिडून का होईना, धरा.

तुमचं पत्र आलं आणि मी ते खिशात घेऊन हिंडत राहिलो. अक्षर पुन्हा पुन्हा बघितलं. तुम्ही जणू डाव्या हाताने लिहिलंय. सांगू नकोस म्हणालात, आणि मी ठरवलंही होतं की नाही सांगायचं, पण मी कुठली गोष्ट ठरवून पाळली आहे? काल दुपारी फुग्यातून तिच्या घरी फोन लावला. इथला फोन हवेच्या पंख्याला लागूनच आहे. एका दमात सांगून टाकलं: "तुझे बाबा मरताहेत. छातीत आहे. ऑक्टोबरपासून मला माहीत आहे. ते म्हणतात त्यांना आईचं ऐकूच आलं नाही. खरं असो, खोटं असो, तू येशील का माझ्याबरोबर?"

उत्तर नाही. पंख्याची घरघर. मी ओरडलो, "येशील का?" काही नाही. मी म्हटलं, "दगड आहेस तू, बापासारखीच!" आणि रिसीव्हर आपटला. चेंडूंची टोपली लाथेने उडवली. तीन कोर्टांवर चेंडूच चेंडू.

आज सकाळी मी बर्फ उतरवत होतो. बघतो तर ती फाटकात उभी, पाठीवर पिशवी, नाक लाल. म्हणाली, "तिकिटं काढलीस?"

मी वरूनच म्हटलं, "कसली? तू काही बोलली नाहीस!"

"मी हो म्हटलं! दोनदा म्हटलं! आणि तू मला दगड म्हणून फोन आपटलास!"

"मला काही ऐकू आलं नाही, सायमी! नुसती घरघर..."

आणि मी थांबलो. फावडं हातातून सुटून खाली घसरत गेलं. तीही थांबली. काका, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, ती खाली, मी शिडीवर, आणि मला माझ्याच तोंडून तुमचं पत्र ऐकू आलं.

ती मग रस्ता ओलांडून पेट्रोलपंपावर गेली. इथला फोन वाजला. मी उचलला. म्हटलं, "बोल." पंखा. म्हटलं, "बोल ना." पंखा. शेवटी मोठा आवाज आला, फाटलेला: "चारदा म्हटलं, टार्मो! चारदा! एकदाही नाही?" मी म्हटलं, "एकदाही नाही." मग तिकडून रडणं ऐकू आलं. रडणं येतं ऐकू. शब्द बाहेर पडतो तेव्हाच तार तो उचलते, आत ओढलेला उचलत नाही. लाखो माणसं या देशात रोज फोनवर तसंच हो म्हणतात. हे आपल्यातल्या कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

ती परत आली आणि चेंडूंच्या टोपलीवर बसून राहिली. म्हणाली, "तो घरात असता, तर त्याने आईचं तोंड बघितलं असतं." मग म्हणाली, "तो विचारत होता. मला वाटायचं तो नुसताच विचारतोय. दोन्ही वेळा तो खरंच विचारत होता."

रुग्णालयातून सुट्टी मिळाली की शुक्रवारच्या पहिल्या गाडीने ती निघते. मी येऊ शकत नाही. वादळ सांगितलंय, आणि फुगा सोडून गेलो तर तो बसेल. हे पत्र आज टाकतो, म्हणजे ते तिच्या आधी तुमच्या हातात पडेल आणि तुम्ही तयार असाल. पडदे असू द्या. पायपुसणंही.

तुम्हाला खोटारडा म्हणालो. ते शब्द परत कसे घ्यायचे मला माहीत नाही. फोटो पुन्हा लावलाय.

तुमचा,
टार्मो


हांको, १ फेब्रुवारी

टार्मो,

तुझं पत्र दाराच्या आत पायपुसण्यावर पडलेलं होतं, बंद. बाबांना त्याच्या आदल्या दिवशीच आरोग्य केंद्रात हलवलं होतं. ग्योताबाईंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, "आधी तिकडे जा, बर्फाचे बूटही काढू नकोस." मी पत्र उचललं आणि गेले.

मी त्यांना ओळखलं नसतं. मी वॉर्डात अशी माणसं रोज बघते, त्यांच्या उशा सरळ करते, तोंड ओलं करते. मला कळतं कुठवर आलंय ते. डोळे अर्धे मिटलेले, हात पांघरुणावर. हात मात्र तेच होते. उजवा डाव्यापेक्षा मोठा, लहानपणी मी हसायचे त्याला.

मी म्हटलं, "बाबा, सायमी." पापणी हलली असं मला वाटलं. तुझं पत्र मी फोडलं आणि वाचून दाखवलं, सगळं, तू मला दगड म्हणालास तेही. मग त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, आई हो म्हणाली होती, आणि तुम्हाला ते ऐकूच आलं नाही. मला आता कळलं. मला कळलं हे तुम्हाला कळलं का?"

त्यांनी श्वास आत ओढला.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक, तसाच. मग पुन्हा. त्या टप्प्यावर श्वास तसेच असतात, टार्मो, मध्ये थांबून थांबून, आत ओढलेले. मी पहिल्याशी दुसरा ताडून ऐकत राहिले, दोन्हींत काही फरक सापडतो का बघत. नाही सापडला. दारातली नर्स म्हणाली, "हो म्हणाले बघ तुला. स्पष्ट ऐकलं मी." चांगली बाई आहे. मीही वॉर्डात नातेवाइकांना हेच सांगते.

पहाट व्हायच्या आधी गेले. मी हात धरून होते.

घरी माझी खोली होती. पडदे. पलंगावर नवीन चादर, घडीच्या रेषा तशाच. हॅम फ्रीजमध्ये, न कापलेलं. फोनच्या जागी भिंतीत एक गोल भोक आहे, त्यात त्यांनी कागदाचा बोळा घातलाय, वारा येऊ नये म्हणून.

गाडी सुटताना तू काचेपाशी येऊन ओरडलास, आणि मी आतून काहीतरी केलं, त्याचा तू काय अर्थ घेतलास मला माहीत नाही. घेतला असशील तर सोडून दे. काचेतून मला काहीच ऐकू आलं नाही. मी हातांवर फुंकर घालत होते, डबा थंड होता. आईजवळ त्यांना ठेवलं की मी परत येईन. तेव्हा जे विचारायचं असेल ते समोर येऊन विचार, पंखा बंद करून. उत्तर काय असेल ते आज मला माहीत नाही, आणि नाही म्हटलं तर टोपल्या उडवायच्या नाहीत.

त्याच सकाळी अंगणातल्या खांबावर झेंडा चढवला. दोर गोठला होता, हातमोजे काढावे लागले. आधी पार टोकापर्यंत न्यायचा असतो आणि मग खाली अर्ध्यावर आणायचा. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, आई गेली तेव्हा. तेव्हा आम्ही दोघांनी दोर ओढला होता. मी विसरले होते.

ग्योताबाई कुंपणाशी आल्या, डोक्याला रुमालही न बांधता. झेंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एन्सिओ?"

मी श्वास आत ओढला.

त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

सायमी